वाचक विचारतात : पाहुण्यांना बडोदा दाखवायचंय, कुठून सुरुवात करू?

प्रश्न : सुट्टीत नाशिकहून नणंद येतेय, बरोबर तिची दोन मुलं, आठ आणि अकरा वर्षांची. म्युझियम, पॅलेस, कीर्तिमंदिर सगळं एका दिवसात बसेल का? मुलं कंटाळली की डोकं खातात.
– एक वाचक, मांजलपूर

उत्तर : ताई, बसवलं तर बसेल हो, पण संध्याकाळी मुलांना विचारलंत काय बघितलं, तर म्हणतील आइसक्रीम. सगळं नका दाखवू. सकाळी कमाटीबागेतलं म्युझियम आणि दुपारी जेवून आलात की लक्ष्मीविलास पॅलेसच्या आवारातलं फत्तेसिंह म्युझियम, बस. फक्त सोमवार टाळा, पॅलेस बंद असतो.

कमाटीबागेत आधी देवमासा. 1944 साली मही नदीच्या मुखाशी वाहून आलेल्या ब्लू व्हेलचा सांगाडा आहे, 70 फुटांच्या वर लांब, मुलं त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालली की निम्मं काम झालं. मग इजिप्तची ममी, तिथे कोणालाच काही समजावून सांगावं लागत नाही. आणि मुलं जरा खूश आहेत तोवर सरळ अकोट्याच्या ब्राँझ मूर्तींकडे न्या, कारण बडोद्याचं खरं धन तिथे आहे आणि नेमकं तिथूनच लोक जेवायला उशीर झाला म्हणत पळत सुटतात. आपण रोज ज्या अकोट्यातून ये-जा करतो तिथेच 1951 च्या सुमारास ह्या जैन मूर्ती सापडल्या, पाचव्या शतकापासून पुढच्या काळातल्या, आणि उमाकांत शहांनी त्यांचा अभ्यास करून त्या जगापुढे आणल्या. त्यात जीवंतस्वामी शोधा. उभा, ध्यानात, पण डोक्यावर मुकुट आणि अंगावर दागिने. मुलांना विचारा, महावीर म्हणजे सगळं सोडलेला माणूस, मग हा मुकुट कसा? (घर सोडायच्या आधीचा, राजपुत्र असतानाच ध्यान करणारा महावीर आहे तो.) शेजारची चामरधारिणी, म्हणजे चवरी ढाळणारी, पण बघा, कमरेत किंचित झुकलीय, धातूची आहे हे दोन मिनिटं विसरायला होतं.

वरच्या युरोपियन पेंटिंग्जमध्ये लेबल वाचून पुढे जा. काही मोठ्या नावांच्या हातची, काही त्यांच्या शिष्यांची किंवा त्या वळणाची. ती सयाजीरावांनी स्पीलमन नावाच्या इंग्रज कलासमीक्षकाकडून निवडून घेतली, पण पहिल्या महायुद्धामुळे चित्रं यायला उशीर झाला नि गॅलरी उघडली ती 1921 मध्ये. आणि हो, नणंदबाईंना सांगा की सयाजीराव मूळचे तुमच्याकडचेच, मालेगावजवळच्या कवळाण्याचे, म्हणजे हे सगळं त्यांच्याच भागातल्या माणसाचं.

प्रश्न : फत्तेसिंह म्युझियममधली रविवर्म्याची चित्रं म्हणजे आमच्या आजीच्या देवघरातल्या कॅलेंडरसारखीच ना? मग तिकीट काढून काय बघायचं?
– एक वाचक, अलकापुरी

उत्तर : उलट आहे भाऊ, कॅलेंडर ह्यांच्यासारखं आहे. रविवर्मा 1880 च्या दशकात बडोद्याला आला, इथे पोर्ट्रेट्स केली आणि पुढे लक्ष्मीविलास पॅलेससाठी त्याच्याकडून 14 पौराणिक चित्रं करून घेतली गेली. ही चित्रं युरोपात छापून घ्या म्हणजे घराघरात जातील असं त्याला सुचवणारे दिवाण टी. माधवराव हे बडोद्याचेच, आणि तंजावरचे मराठी. (आपल्या लोकांना हे कोणी सांगत नाही!) छापखाना 1894 मध्ये निघाला तो मात्र मुंबईत, नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला.

छापताना प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड लागायचा, रंग एकावर एक बसवत जायचे, म्हणून छापील चित्रात चेहरा गुळगुळीत नि कडा घट्ट दिसतात. मूळ तैलचित्रात तसं नाही, तिथे सावलीतली कातडी वेगळी, उजेडातली वेगळी. एक प्रयोग करा, जरीच्या काठाजवळ दोरीच्या बाहेरूनच जितकं जाता येईल तितकं जा, खरी जर वगैरे काही नाही, नुसते पिवळ्या रंगाचे छोटे छोटे फटकारे आहेत, मग चार पावलं मागे या आणि तेच सोनं होतं. मोत्यांचंही तसंच. ‘कंसमाया’ हे चित्र बघताना आधी माया देवीच्या अंगावरचा उजेड बघा आणि मग कंस, नाटकातल्या लायटिंगची आठवण होईल. मला विचाराल तर सगळी 14 सारखी ताकदीची नाहीत, काहींत माणसं फोटोसाठी उभी केल्यासारखी वाटतात, पण नल-दमयंतीपुढे थांबाच. तिथेच फेलिची नावाच्या इटालियन शिल्पकाराचीही कामं आहेत, तो बडोद्यात राहून काम करायचा. फोटोचं काउंटरवर विचारून घ्या, फ्लॅश तर कुठेच नको.

प्रश्न : काळा घोडा सर्कलवर घोड्यावर कोण? मुलगा म्हणतो शिवाजी महाराज, सासरे म्हणतात सयाजीराव. घरात वाद चाललाय.
– एक वाचक, कारेलीबाग

उत्तर : सासरे जिंकले. तिसरे सयाजीराव आहेत, डर्वेंट वुड ह्या इंग्रज शिल्पकाराने केलेला ब्राँझचा पुतळा. वाद मिटला नाही तर मुलाला गाडीतून उतरवा नि पगडी दाखवा.

प्रश्न : रिटायर झालोय, आम्ही दोघंच असतो, गर्दी नको वाटते. शांतपणे बघण्यासारखं काही?
– एक वाचक, दांडिया बाजार

उत्तर : काका, कीर्तिमंदिर. गायकवाड घराण्याचं स्मारक म्हणून आपण बाहेरूनच नमस्कार करतो, पण आतल्या भिंतींवर चित्रकार नंदलाल बोसांनी 1939 ते 1946 ह्या काळात काढलेली भित्तिचित्रं आहेत, गंगावतरण, महाभारत युद्ध, मीराबाई आणि नटीर पूजा. शांतिनिकेतनहून येऊन काढलेली. नटीर पूजा हे टागोरांचं नाटक, राजाची बंदी मोडून स्तूपापुढे नाचणारी आणि त्यासाठी मारली जाणारी नर्तकी, हे ठाऊक असलं की भिंत वेगळीच दिसते. मान वर करून बघावं लागतं म्हणून घरात दुर्बीण असेल तर घ्या, लाजू नका.

आणि तुमच्या घरापासून चालत जाण्यासारखा रावपुऱ्यातला तांबेकर वाडा. 1849 ते 1854 बडोद्याचे दिवाण असलेल्या विठ्ठल खंडेराव तांबेकरांचा. लाकडी वाडा, वरच्या भिंती चित्रांनी भरलेल्या, कृष्णलीला, रामायण, आणि त्यातच मराठे-इंग्रजांची लढाई, गोऱ्या बायका पण. रंग उडालेत बरेच ठिकाणी. पुरातत्त्व खात्याकडे आहे, तिथला माणूस असला तर दार उघडून दाखवतो. जिना मात्र अरुंद नि उभा आहे, काकूंचे गुडघे दुखत असतील तर तुम्ही आधी एकटे चढून बघा.