स्कूटर पाण्यावरून जाते का?

बालवाडीत 'वाहतुकीची साधने' हा विषय सुरू झाला की पालक माझ्याकडे साधारण एकच काळजी घेऊन येतात. शेजारचं मूल तक्त्यावर बोट ठेवून विमान, जहाज, आगगाडी धडाधड सांगतं आणि आमचं नुसत्या गाड्या ढकलत बसतं. मागे पडलंय का? शिकवणी लावू का? (चार वर्षांच्या मुलाला शिकवणी! पण विचारतात.)

अशीच एक आई आली होती, मांडवी नदीतल्या एका बेटावरची. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत. मुलीला आपण बाय म्हणू, गोव्यात घरोघरी एखादी बाय असतेच. वय साडेचार. आईने पिशवीतून शाळेचे कागद काढून माझ्यापुढे ठेवले. डावीकडे वाहनांची चित्रं, उजवीकडे रस्ता, पाणी आणि आकाश, मध्ये मुलाने रेघ ओढायची. बायने स्कूटरची रेघ थेट पाण्याला नेली होती, बसचीही पाण्यालाच. दोन्हीवर लाल फुली, खाली शेरा: 'घरी सराव घ्यावा.'

आईने सराव घेतला होता, रोज संध्याकाळी, दिवेलागणीनंतर. मुलगी रडायची, आई चिडायची, आजी मध्ये पडायची. हळूहळू शाळेत जायच्या वेळी बायच्या पोटात दुखायला लागलं.

"मॅडम, सगळं बोलते ही, पण एवढं साधं डोक्यात शिरत नाही. कसं करायचं?"

बाय तोवर माझ्याकडच्या ठोकळ्यांची रांग लावत होती. मी कागद बाजूला ठेवला आणि तिला विचारलं, "तुमची स्कूटर कुठून जाते गं?"

"उदकार वता मगे," (पाण्यावरून जाते ना) ती म्हणाली. हे काय विचारायचं, असा चेहरा. "पप्पा फेरीत घालता."

तिच्या जागी बसून बघा. दिवाडीसारख्या बेटाला अजून पूल नाही. सकाळी फेरीबोटीच्या धक्क्यावर स्कूटर उभी करायची, फळी खाली आली की आत घालायची, स्कूटरवर बसूनच नदी ओलांडायची. बालरथ, म्हणजे शाळेची बस, तीही त्याच फेरीत चढते. म्हणजे हिच्या आयुष्यात स्कूटर आणि बस रोज पाण्यावरून जातात. कागद काढणाऱ्याने फेरीबोट पाहिलेली नसावी. आणि हे फक्त नदीचंच नाही. कोकण रेल्वेवर १९९९ पासून महाराष्ट्रातल्या कोलाडपासून गोव्यातल्या वेर्ण्यापर्यंत मालाने भरलेले ट्रक रेल्वेच्या सपाट डब्यांवर चढून जातात. वेर्ण्याच्या एखाद्या पोराने ट्रकची रेघ रुळाला जोडली तर त्यालाही फुलीच मिळेल.

या वयाची मुलं वस्तूंच्या जोड्या लावतात त्या बहुधा एकत्र दिसणाऱ्या गोष्टींच्या. गाय आणि गवत, पाऊस आणि छत्री, स्कूटर आणि फेरीबोट. 'रस्त्यावरची वाहने' हा डोळ्यांना न दिसणारा गट आहे, तो हळूहळू उमजतो. एकच वस्तू एकाच वेळी दोन गटांत असू शकते हे धरून ठेवणं तर साधारण सातव्या वर्षापर्यंत जड जातं, असं पियाजे या मानसशास्त्रज्ञाने मुलांचं निरीक्षण करून मांडलं आहे. म्हणून चुकीच्या उत्तरावर फुली मारण्याआधी "का गं?" एवढं विचारलं तर निम्मे पालक माझ्याकडे येणारच नाहीत. माझा धंदा बसेल, बसू दे.

आईला मी सांगितलं, कागद काही दिवस पूर्ण बंद. त्याऐवजी न्हाणीघरात टब भरा. त्यात एक ताट तरंगत ठेवा, ही फेरीबोट. खेळण्यातल्या गाड्या, नसतील तर खडे किंवा चिंचोके. आधी सगळे एका कडेला ठेवू द्या. ताट कलंडेल, गाड्या बुडतील, कपडे भिजतील. यावेळी आपण गप्प बसायचं, हा या खेळातला सगळ्यात कठीण भाग. बायने पुन्हा ताट तरंगवलं, पुन्हा बुडवलं आणि मग आईला बजावलं, "मधीं दवर." (मध्ये ठेव.) मग तिला आठवलं की फेरीवरचा खलाशीही हात करून जड गाड्या मध्ये घ्यायला लावतो, स्कूटरींना कडेची जागा दाखवतो. दुसऱ्या दिवशी धक्क्यावर ती त्याच्याकडे डोळे फाडून बघत होती, असं वडिलांनी सांगितलं.

धक्क्यावर शिकण्यासारखं आणखीही आहे. भरतीला फळी जवळजवळ सपाट असते, ओहोटीला तिचा उतार वाढतो आणि स्कूटरला फेरीतून धक्क्यावर चढताना जोर लागतो. घरी वह्यांच्या गठ्ठ्यावर एक फळी टेकवा, त्यावरून गाडी सोडा, एक वही काढा, पुन्हा सोडा. कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, पडलेली पोफळीची विरी (झावळीचा रुंद देठ) असेल तर मुलाला तिच्यावर बसवून ओढा, आधी फरशीवर, मग अंगणात, मग ओल्या मातीत. कुठे सरसर जाते, कुठे अडते, चाक असतं तर काय झालं असतं, हे त्याला स्वतःच्या बुडाखाली कळतं. कुठल्याही तक्त्याला हे जमणार नाही.

आजीला मात्र मी वेगळं काम दिलं. पणजी आणि बेतीच्या मध्ये पूल व्हायच्या आधी मांडवी 'गॅसोलिन' नावाच्या मोटरबोटीने ओलांडायचे, लाकडी बाकांची 'कारेर', म्हणजे तेव्हाची बस, धूळ उडवत यायची. या गोष्टी आजींकडे भरपूर, पण कोणी विचारत नव्हतं. त्यांनी खुर्च्या मांडून कारेर केली, स्वतः कंडक्टर झाल्या. बायने चिंचोके मोजून तिकिटाचे पैसे दिले. मोजणी आली, ओळीत उभं राहणं आलं, 'पुढे', 'मागे', 'आत', 'बाहेर' हे शब्द आले. वडिलांना मात्र हे सगळं टंगळमंगळ वाटलं. "खेळच खेळ, मग अभ्यास कधी?" त्यांना मी राष्ट्रीय शैक्षणिक धोरण दाखवलं. २०२० च्या या धोरणात तीन ते आठ वर्षांचा पायाभूत टप्पा खेळातून आणि कृतीतून शिकण्यासाठीच ठेवला आहे. सरकारी कागद पाहिल्यावर ते थोडे नरमले. कागदावर विश्वास ठेवणारी माणसं आहेत, तर कागदच दाखवावा.

पालकांच्या संमतीने मी शाळेतल्या बाईंशीही बोलले. त्या मुळीच अडून बसल्या नाहीत. "मलाही खेळ आवडतात हो, पण पालकांना वहीत काहीतरी भरलेलं हवं असतं," म्हणाल्या. खरंच आहे ते. आम्ही ठरवलं की वही भरायची, पण आधी काहीतरी घडल्यावर. त्यांनी वर्गात खडूने रस्ता आणि नदी आखली. खोक्यांच्या बस झाल्या, एका मुलाने पिवळं-काळं कापड बांधून मोटरसायकलवाला पायलट (गोव्यात दुचाकीवरून भाड्याने प्रवासी नेणारा) व्हायचं ठरवलं, दोन पोरींनी चादर धरून फेरी चालवली. प्रत्येक वाहनाला बाई तीनच प्रश्न विचारायच्या: कशावरून चाललंय, कोण चालवतं, आत काय आहे? रस्ता, पाणी, आकाश या आधीच्या तीन गटांना त्यांनी चौथा जोडला, दुसऱ्यावर बसून जाणाऱ्या गाड्यांचा. नंतर रेघा ओढायचा कागद आला तेव्हा बायने स्कूटर रस्त्याला जोडली, आणि फेरीबोटीतल्या स्कूटरचं वेगळं चित्र स्वतःच काढलं. पोटदुखी त्याआधीच थांबली होती.

प्रत्येक मुलाचं कारण इतकं सरळ नसतं, हेही सांगते. गाड्यांची रांग लावणं, चाक फिरवत बसणं एवढ्यावरून काही ठरत नाही. पण चौथं वर्ष उलटूनही मूल छोटी वाक्यं जोडत नसेल, हाक मारल्यावर वळत नसेल, खोटं खोटं खेळतच नसेल, नजर टाळत असेल, किंवा येत असलेले शब्द विसरत असेल, तर खेळ सुरू ठेवाच, पण आधी कान तपासून घ्या आणि बालविकास तज्ज्ञ डॉक्टरांना दाखवा. थांबून बघू म्हणत वर्ष घालवू नका.

शेवटच्या भेटीत मी वडिलांकडे वळले. बाय स्कूटरवर पुढे उभी राहून येते, उघड्या डोक्याने. 'वाहतूक' शिकवायची तर हा पहिला धडा. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला दुचाकीवर हेल्मेट कायद्यानेच सक्तीचं आहे. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांसाठी २०२२ साली केंद्राचा नियम निघाला: चालकाला बांधणारा सुरक्षा पट्टा, मुलाच्या मापाचं हेल्मेट, वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत. ते म्हणाले, "धक्क्यापर्यंत तर जायचं, मॅडम, दोन मिनिटं." मी म्हटलं, धक्क्यापलीकडे जुने गोव्याचा रस्ता लागतो, तिथे टुरिस्टांच्या भाड्याच्या गाड्या कशा चालतात ते तुम्हीच मला गेल्या वेळी सांगितलंत. त्यावर ते काही बोलले नाहीत, पण डोक्याचं माप कसं घ्यायचं ते विचारून गेले. भुवयांच्या जरा वरून, कानांच्या वरून, मागे सगळ्यात फुगीर भागावरून टेप फिरवायची.