नुसत्या मोबाईलवर शिकवू नका
मॅडम, तुम्ही नव्यानंच झेडपी शाळेत रुजू झालात म्हणून कळकळीनं सांगते. ग्रुपवर अभ्यास टाकला म्हणजे शिकवलं असं समजू नका. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा इकडं कित्येक घरांत मोबाईल एकच, तोही वडिलांसोबत शेतात. पहिली-दुसरीच्या लेकरांचं फार नुकसान झालं. जोडाक्षर वाचताना पोरगं कुठं अडखळतं, पेन्सिल कशी धरतं, हे समोर बसल्याशिवाय दिसतच नाही. वहीचा फोटो तर ताईनं लिहिलेल्या पानाचाही येतो! शिवाय शाळेतली गरम खिचडी बंद होते ती वेगळीच. बीडकडची ऊसतोड कामगारांची लेकरं दिवाळीच्या सुमारास आईबापासोबत फडावर जातात. त्यांना लिंक पाठवून भागत नाही; हंगामी वसतिगृहासाठी, म्हणजे आईबाप फडावर असताना लेकरांना गावातच ठेवून घ्यायच्या सोयीसाठी, पालकांशी आधीच बोला. सुट्टीत अभ्यास द्यायचाच असेल तर कागदावर द्या आणि अधूनमधून वस्तीवर जाऊन स्वतः वाचून घ्या.