एजंट नंतर शोधा, आधी घरातले कागद टेबलावर काढा

कोपरखैरण्याहून नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनला जायचंय, तीन महिन्यांत जॉइनिंग आहे, बायको आणि पाच वर्षांची मुलगी मागून येणार, तुमचा जन्म कराडकडे आईच्या माहेरी झालाय आणि हातात फक्त शाळा सोडल्याचा दाखला आहे, तो जन्मदाखल्याऐवजी चालेल का आणि वाशी-ठाण्यात अपोस्टिलचा (म्हणजे आपला कागद खरा आहे असं परदेशाला सांगणारा सरकारी शिक्का) चांगला एजंट कोण, असं तुम्ही विचारलंय. एजंटचं शेवटी बोलू, कारण ते यातलं सगळ्यात सोपं काम आहे. पैसे टाकले की होतं. खरी बोंब असते ती त्याच्या आधी, कागदांवर नावं आणि तारखा एकमेकांशी जुळवण्यात, आणि ती एजंट करून देत नाही, कितीही गोड बोलला तरी. त्याला तुम्ही चुकीचा दाखला दिलात तर तो त्याच चुकीच्या दाखल्यावर शिक्के मारून आणून देईल, बिल वेगळं.

शाळेचा दाखला तिकडे चालत नाही. इथे त्याच्यावर पासपोर्ट निघतो म्हणून आपल्याला वाटतं की तो जन्माचा पुरावा आहे, पण नेदरलँड्सची नगरपालिका, तिला तिकडे खेमेंटे म्हणतात, ती जन्मनोंदीचा दाखला मागते, लग्नाचा मागते, मुलीचा मागते आणि सगळ्यांवर अपोस्टिल बघते. चार महिन्यांपेक्षा जास्त राहायचं असेल तर पोचल्यावर पाच दिवसांत तिथे नोंदणी करायची असते, त्यातूनच बीएसएन नंबर, म्हणजे तिकडचा नागरिक क्रमांक, मिळतो आणि पगार, बँक, विमा सगळं त्या नंबरावर अडतं. पासपोर्टवर तुमची नोंद होईलही कदाचित, पण लग्न आणि मूल कागदाशिवाय नोंदवून घेत नाहीत.

त्यामुळे पहिलं काम म्हणजे कराडला फोन. जन्माची नोंद जिथे बाळंतपण झालं तिथे असते, तुम्ही कुठे वाढलात याच्याशी तिला काही देणंघेणं नाही. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून निम्म्या नवी मुंबईचे जन्मदाखले सातारा, सांगली, कोकणात पडलेत. हॉस्पिटल शहरात असेल तर नगरपालिका, गावात असेल तर ग्रामपंचायत. तुमची आई किंवा मामा असतील तर हॉस्पिटलचं नाव, वर्ष, महिना एवढं विचारून घ्या आणि गावातल्या कुणालातरी रजिस्टर बघायला पाठवा, नोंद क्रमांक सापडला की अर्धं काम झालं. ज्यांचा जन्म नवी मुंबईतच झालाय पण १९९२ च्या आधीचा, त्यांनाही हेच सांगतो, महापालिका १ जानेवारी १९९२ ला सुरू झाली, त्याआधी घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे ही गावं होती आणि नोंद ग्रामपंचायतीच्या वहीत असू शकते, ती वही आता कुठे ठेवलीय ते विचारत बसावं लागतं.

आता दाखला हातात आला की तो नीट वाचा. अक्षर न अक्षर. जुन्या नोंदीत बहुतेक वेळा बाळाचं नावच नसतं, कारण नोंद २१ दिवसांत करायची असते आणि तोवर कधीकधी बारसंही झालेलं नसतं, मग त्या रकान्यात नुसती रेघ किंवा 'मुलगा' एवढंच. नाव घालता येतं, त्याला १५ वर्षांची अट आहे पण जुन्या नोंदींसाठी सरकारने मुदत अधूनमधून वाढवलेली आहे, तुम्ही अर्ज कराल त्या दिवशी काय चालू आहे ते तिथल्या निबंधकालाच विचारा, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या तारखांवर जाऊ नका. नोंदच सापडली नाही तर मात्र लांबचा रस्ता. वर्ष उलटून गेलेली नोंद नव्याने करायची तर २०२३ च्या कायदादुरुस्तीनंतर जिल्हाधिकारी किंवा उपविभागीय दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, पूर्वी हे कोर्टातून व्हायचं, आणि २०२५ पासून महाराष्ट्रात अशा उशिराच्या नोंदींची छाननी कडक झालीय. तीन महिन्यांत ते होईल या भरवशावर राहू नका, कंपनीला आत्ताच कळवून ठेवा.

आणि एक जूनवाले. हसू नका, आपल्या वयाच्या लोकांतही आहेत. शाळेत घालताना गुरुजींनी वय बसवायला १ जून लिहून टाकलं, तीच तारीख दहावीच्या सर्टिफिकेटवर, तीच पासपोर्टवर, आणि गावच्या वहीत खरा जन्म निघतो ऑगस्टचा. तुमचं तसं असेल तर दाखल्यावर अपोस्टिल करायला अजिबात धावू नका, कारण दोन सरकारी कागद दोन वेगळ्या तारखा सांगतायत हे तुम्ही स्वतःहून तिकडच्या काउंटरवर नेऊन ठेवाल. आधी वकिलाला दाखवा, कुठला कागद दुरुस्त होऊ शकतो ते बघा, शाळा सोडल्यावर बोर्डाकडून जन्मतारीख बदलून घेणं फार कठीण असतं.

वहिनींच्या कागदांबद्दल तुम्ही एक ओळ लिहिलीय की पासपोर्टवर माहेरचं आडनाव आहे, ते बदलायला टाकू का. नको! कायद्याने लग्नानंतर आडनाव बदलायची सक्ती नाही, आणि त्यांचा जन्मदाखला, डिग्री, पासपोर्ट सगळं एकाच नावावर असेल तर तुम्ही भाग्यवान आहात. तिकडे बाईची नोंद जन्माच्या नावानेच करायची पद्धत आहे. पासपोर्टमध्ये नवऱ्याचं नाव टाकून घ्या फार तर. गोंधळ होतो तो अर्धवट बदलल्यावर, म्हणजे आधारवर सासरचं, पॅनवर माहेरचं, डिग्रीवर आडनाव आधी मग नाव मग वडिलांचं आणि शेवटी आईचं, आणि पासपोर्टवर मधलं नाव नवऱ्याचं. ज्यांचं असं झालंय त्यांनी राजपत्रात नावबदल छापून घ्यावा, अर्ज ऑनलाइन होतो, आणि ते राजपत्र बाकी कागदांबरोबर जपून ठेवावं.

स्पेलिंगचं पण बघा. सासऱ्यांचं नाव एका कागदावर शेवटी वाय, दुसऱ्यावर वायए, म्हणजे दत्तात्रय की दत्तात्रया, हे आपल्याला किरकोळ वाटतं, तिकडचा माणूस अक्षरं मोजतो. मुलीचा दाखला नवी मुंबई महापालिकेचा असेल तर त्यात तुमचं नाव पासपोर्टप्रमाणे पूर्ण आहे का, की नुसतं इनिशियल टाकलंय, ते आज रात्रीच तपासा. ही दुरुस्ती निबंधकाकडेच होते, पासपोर्टच्या झेरॉक्स घेऊन जा. लग्नाचा दाखला महापालिकेकडून घेतलेला असेल तर उत्तम, मंगल कार्यालयाची पावती आणि पत्रिका म्हणजे दाखला नव्हे (हे लिहावं लागतं, लोक खरंच नेतात). दाखले इंग्रजीतही असलेले घ्या, डच, इंग्रजी, फ्रेंच, जर्मन यातलं काही चालतं, नुसत्या मराठी दाखल्याचं भाषांतर करावं लागतं आणि ते भारतात केलं तर त्या भाषांतरावरही अपोस्टिल मागतात.

ओळखीच्यांचं ऐकून काही करू नका हेही आलंच. ऐरोलीतल्या आमच्याच बिल्डिंगमध्ये एकजण जर्मनीला गेला, एक दुबईला, आणि दोघांचे सल्ले तुमच्या उपयोगाचे नाहीत. भारतात अपोस्टिल २००५ पासून आहे, पण भारताच्या बाबतीत जर्मनीने त्याला हरकत घेतलेली असल्यामुळे तिकडे ते चालत नाही, त्यांची कागद पडताळायची वेगळी पद्धत आहे. यूएई अपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारातच नाही, तिथे वकिलातीचा शिक्का लागतो. नेदरलँड्सला अपोस्टिल पुरतं.

आता एजंट. आधी राज्य सरकारचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, असा क्रम आहे. मंत्रालय थेट तुमच्याकडून कागद घेत नाही, नेमलेल्या एजन्सीमार्फत घेतं, आणि अपोस्टिलची सरकारी फी एका कागदाला ५० रुपये आहे, वर एजन्सीचा सेवाशुल्क. म्हणजे कुणी एका दाखल्याचे हजारोंत सांगत असेल तर ती त्याच्या धावपळीची किंमत आहे हे समजून द्या किंवा देऊ नका. अपोस्टिलच्या स्टिकरवर नंबर असतो, तो मंत्रालयाच्या साइटवर टाकून बघितल्याशिवाय उरलेले पैसे देऊ नका. आणि कागद लॅमिनेट केलेले असतील तर शिक्का मारायचा कुठे, तेव्हा नवीन प्रत काढा. लॅमिनेट करणाऱ्या मायाळू बाबांवरचा राग मी कित्येकांच्या घरी बघितलाय.

डिग्रीच्या अपोस्टिलमागे लागण्याआधी एचआरला विचारा की परमिट कुठल्या मार्गाने घेतायत. हाय स्किल्ड मायग्रंट म्हणजे कुशल कर्मचाऱ्यांचं डच परमिट, त्याला साधारणपणे पगाराची अट बघतात, ब्लू कार्ड म्हणजे युरोपियन युनियनचं तसंच परमिट, त्याला डिग्रीचं मूल्यमापन लागतं. अनुभवाची पत्रं मात्र राजीनाम्याच्या आधी सही-शिक्क्याची घ्या.

लायसन्सची मुदत संपत आली असेल तर वाशी आरटीओत जाऊन निघण्याआधी रिन्यू करा. नेदरलँड्समध्ये बाहेरून आणलेल्या कर्मचाऱ्यांसाठी असलेली ३० टक्क्यांची करसवलत मिळाली तर भारतीय लायसन्स बदलून डच घेता येतं, नाहीतर तिकडे परीक्षा, आणि आपलं लायसन्स तिथे नोंदणीपासून १८५ दिवसच चालतं. त्या सवलतीचा अर्जही नोकरी सुरू झाल्यापासून चार महिन्यांत गेला तर पहिल्या दिवसापासून लागू होते, एचआरला आठवण करा.

घर सिडकोचं असेल आणि मागे भाड्याने द्यायचं किंवा विकायचं डोक्यात असेल तर वडिलांच्या किंवा भावाच्या नावे कुलमुखत्यारपत्र इथेच नोंदवून जा, त्यात सिडको, सोसायटी, महावितरण, बँक सगळ्यांचा स्पष्ट उल्लेख करा. तिकडून करून पाठवलेल्या पत्रावर भारतात आल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक शुल्क भरावं लागतं आणि त्यासाठी इथल्या माणसाला कार्यालयात हेलपाटे पडतात. बँकेचं साधं खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं खातं, करायला तिकडे गेल्यावर सांगा.