बायपोलर आणि डोक्यावर कर्ज: आधी पैसे कुणाचे द्यायचे?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. पलूसकडच्या कारखान्यात नोकरी, बायपोलरचं निदान, म्हणजे मन कधी भलतंच चढतं तर कधी पार बसतं तो आजार. गेल्या वर्षी मन चढलेलं असताना बँकेचं पर्सनल लोन, दोन क्रेडिट कार्डं, मोबाईल ॲपची तीन कर्जं, दोन मित्रांना जामीन घालून पतसंस्थेचं कर्ज, आणि वर गावातल्या एकाकडून महिना पाच टक्क्यांनी उचललेले पैसे. त्याच्याकडे तुमचे सहीचे कोरे चेक. आता मन पार बसलंय, आलेली पाकिटं फोडवत नाहीत, खर्च वाचावा म्हणून गोळ्या बंद केल्यात. आणि शेवटी लिहिलंय, मी नसलो तर घरचे तरी सुटतील.

आधी त्याबद्दलच बोलते. मी एका पतसंस्थेच्या वसुली विभागात बरीच वर्षं काढली. कर्जदार गेला म्हणून जामीनदार सुटत नाहीत. अशा घरांत कागद घेऊन मला जावं लागलंय, आणि सुटलेलं घर मी एकही पाहिलेलं नाही. आज रात्रीच हे वाक्य वहिनींना जसंच्या तसं बोलून दाखवा. घरातल्या गोळ्या आणि शेतातली फवारणीची औषधं त्यांच्या ताब्यात राहू देत. त्यांच्याशी बोलवत नसेल तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ हा नंबर आहे. चोवीस तास चालतो, फुकट आहे, मराठीतून बोलता येतं.

दुसरं, गोळ्या पुन्हा सुरू करण्यासाठी डॉक्टरांना भेटा. खंड पडल्यावर जुना डोस आपल्या मनाने घेऊ नका. माझ्या धाकट्या भावाला हाच आजार आहे, त्यामुळे खर्चाचा अंदाज मला आहे. या आजारावर दिलं जाणारं लिथियम काही महागडं औषध नाही. त्यासोबत रक्तातली पातळी, किडनी आणि थायरॉईड तपासत राहावं लागतं, पण मिरज-सांगलीच्या सरकारी दवाखान्यांत मनोविकाराची ओपीडी आहे, तिथे हे खाजगीपेक्षा कितीतरी कमी पैशांत होतं. उलट गोळ्या बंद ठेवून मन पुन्हा चढलं, तर त्या एका महिन्यात होणारं नवं कर्ज वर्षभराच्या औषधापेक्षा जास्त असेल. पगारातून पहिला खर्च औषधाचा, मग किराणा आणि लाईट बिल. उरेल त्यात देणेकरी.

आता देणेकऱ्यांत आधी कोण? सध्या तुम्ही जो जास्त ओरडतो त्याला देताय. वसुलीच्या धंद्याची सगळी भिस्तच त्यावर असते. पण ओरडणारा आणि खरोखर नुकसान करू शकणारा हे बहुतेक वेळा वेगळे असतात. तुम्हाला सगळ्यात जास्त फोन येतात ते ॲपवाल्यांचे. त्यांचं कर्ज विनातारण आहे. निव्वळ हप्ता थकला म्हणून पोलीस कुणाला उचलून नेत नाहीत. ‘वॉरंट निघालंय’ हा मेसेज धमकी आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचा फोन करता येत नाही, नातेवाईक-मित्रांना गाठून बदनामी करता येत नाही, आणि ॲपला तुमच्या फोनमधली नावं-नंबर बघायचीही परवानगी नाही. स्क्रीनशॉट ठेवा. आधी कंपनीकडे लेखी तक्रार, तीस दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. ॲपमागे नोंदणीकृत कंपनीच नसेल तर सरळ सायबर पोलिसांकडे, १९३० वर.

पतसंस्था मात्र शांत असते. एक-दोन नोटिसा येतात आणि मग सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला निघतो. त्यावर जप्ती होते, आणि ती जामीनदारांवरही होऊ शकते. मित्रांचा पगार तुमच्यामुळे कापला गेला तर ते दुखणं कर्ज फिटल्यावरही राहतं. म्हणून औषध-किराण्यानंतर पहिला हप्ता इथे. वसुली अधिकाऱ्याला समक्ष भेटा, जमेल तेवढीच रक्कम सांगा. दोघा मित्रांना तुम्ही स्वतः फोन करा. दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा ते बरं.

कोऱ्या चेकचं प्रकरण सगळ्यात नाजूक. चेक न वटता परत गेला की समोरच्याला तीस दिवसांत नोटीस पाठवता येते, आणि ती हातात पडल्यापासून पैसे भरायला तुम्हाला फक्त पंधरा दिवस मिळतात. त्यानंतर फौजदारी खटला. ‘चेक कोरा होता’ एवढ्याने सुटका होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. म्हणजे न फोडलेलं पाकीट इथे खरंच महागात पडतं. तुमच्याने फोडवत नसेल तर वहिनींना फोडू दे. रजिस्टर पोस्टाची तेवढी वेगळी काढायची. पण त्या माणसाकडे सावकारीचा परवाना आहे का? पाच टक्के महिना म्हणजे वर्षाला साठ. परवान्याशिवाय सावकारी केली तर २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे किंवा सांगलीत जिल्हा उपनिबंधकांकडे करायची. त्याने किती दिले, तुम्ही किती परत केले, फोनपेच्या नोंदी, सगळं एका वहीत उतरवून घ्या आणि वकिलाला दाखवूनच जा. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे, मानसिक आजाराचं अपंगत्व प्रमाणपत्र असेल तर तिथे वकील फुकट मिळतो. चौकशीला १५१००.

आजारात घेतलेलं कर्ज रद्द होतं का, हे तुम्ही विचारलंय. कागदावर वाट आहे, १८७२ च्या करार कायद्यात. पण नुसत्या निदानाने भागत नाही. सही केली त्या दिवशी काय करतोय हेच कळत नव्हतं, हे सिद्ध करावं लागतं. आणि तसं झालं तरी घेतलेली रक्कम परत मागितली जाऊ शकते. माझं मत विचाराल तर त्यामागे धावू नका. डॉक्टरांच्या त्या काळातल्या चिठ्ठ्या बँकेकडे हप्ता कमी करून मागताना जोडा, तिथे त्या जास्त कामाच्या. अर्ज लेखी, शाखेत पोच घेऊन. वसुलीच्या पोराला फोनवर आजार सांगण्यात काही अर्थ नाही. आणि पगार कर्ज असलेल्या बँकेतच जमा होत असेल तर खातं दुसरीकडे उघडून कंपनीत कळवा, नाहीतर बँक त्यातूनच वळती करून घेऊ शकते.

कार्डांची तडजोड पुढे लोकअदालतीत होऊ शकेल. तिथे एक जपा. मन बसलेलं असताना माणूस ‘काय म्हणाल ते’ म्हणून सही करतो, चढलेलं असताना ‘तीन महिन्यांत फेडतो’ म्हणतो. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसतं. त्यामुळे वहिनी किंवा भाऊ सोबत असल्याशिवाय सही नाही, हे डॉक्टरांसमोरच ठरवून टाका.

नोकरी सोडून पुण्याला निघून जाऊ का, असंही विचारलंय. नको. पगार बंद झाला की पतसंस्था त्याच दिवशी मित्रांच्या दारात जाईल, आणि तुमचे डॉक्टर इथे आहेत. सोमवारी ओपीडी गाठा, येताना पतसंस्थेत जा. पाकिटांत काय निघालं ते इथे लिहा, नावं आणि खाते नंबर झाकून. चेकची नोटीस असेल तर तिच्यावरची तारीख आणि ती तुमच्या हातात कधी पडली, हे दोन्ही आधी सांगा.