वाचकांचे प्रश्न : पोलिश पाहुणे, फुटणारे पिएरोगी आणि एक रिकामं ताट

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धातल्या पोलिश निर्वासितांची वळिवड्याची छावणी पाहायला आलेलं एक पोलिश कुटुंब रविवारी दुपारी आमच्याकडे जेवायला येणार आहे. त्यांची आजी लहानपणी तिथे राहिली होती. स्वागतात काय सांभाळावं? तांबडा-पांढरा केला तर चालेल का?
— राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : सगळ्यात आधी फुलांचं बघा. आपण हौसेनं शेवंतीचा हार किंवा गुच्छ आणतो, पण पोलंडमध्ये शेवंती हे थडग्यावर वाहायचं फूल. १ नोव्हेंबरला तिथल्या दफनभूमी शेवंतीनं भरून जातात. गुलाब किंवा जरबेरा आणा आणि फुलं मोजून विषम ठेवा, तीन, पाच नाहीतर सात. सम संख्येची फुलं तिकडे अंत्यविधीला नेतात.

दारात हात पुढे करू नका, त्यांना आत येऊ द्या. उंबऱ्यावरून हस्तांदोलन करणं ते अशुभ मानतात. आपणही उंबऱ्यावर उभं राहून देणं-घेणं करत नाही, तसंच. चपला-बूट काढायची सवय त्यांना घरूनच असते. घरात घालायला सपाता पुढे केल्यात तर त्यांना आपल्या घरी आल्यासारखं वाटेल, कारण तिकडे पाहुण्यांसाठी जादा जोड ठेवलेले असतात.

तांबडा-पांढरा जरूर करा, फक्त वाढायचा क्रम बदला. पोलिश दुपारच्या जेवणाची सुरुवात सूपनं होते आणि रविवारी बहुतेक घरांत ते कोंबडीचं निवळ सूप असतं. म्हणून पांढरा रस्सा आधी, वाटीत, चमच्यासह द्या. त्यात हिरवी मिरची निम्मी करा, काजू-खसखस नेहमीइतकीच ठेवा. तांबडा मागून, छोट्या वाटीत, चव बघायला. पोलिश जेवणातला तिखटपणा मिरी, मोहरी आणि नाकात झिणझिण्या आणणाऱ्या एका मुळाचा असतो, तो पटकन चढतो आणि पटकन उतरतो. मिरचीची जिभेवर रेंगाळणारी आग त्यांना नवी असते, म्हणून दही आणि भात हाताशी असू द्या.

चहा बिनदुधाचा, लिंबाची चकती घालून करा आणि दूध वेगळ्या भांड्यात ठेवा. दूध घातलेला चहा तिकडे बाळंतिणीचा मानतात.

आग्रह मात्र आपल्यासारखाच चालतो. ‘घरात पाहुणा, घरात देव’ अशी त्यांची म्हण आहे. पहिलं ‘नको’ बऱ्याचदा संकोचाचं असतं, पुन्हा एकदा विचारा. दुसऱ्यांदा नको म्हणाले तर थांबा.

प्रश्न : बटाटा-पनीरचे पिएरोगी (पाण्यात उकळायच्या पोलिश करंज्या) उकळताना फुटतात, सारण पाण्यात पसरतं. काय चुकतं?
— शाहूपुरी, कोल्हापूर

उत्तर : बहुतेक वेळा सारण ओलं किंवा गरम असतं. अर्धा किलो बटाटे सालासकट उकडा, सोलून गरम असतानाच कुस्करा आणि परातीत पसरून पूर्ण गार करा. गरम सारणाची वाफ पारीला आतून ओलं करते.

बाजारातलं दाबलेलं पनीर इथे नको, ते रबरासारखं लागतं. पोलिश घरात किंचित आंबट, भुसभुशीत छेना वापरतात. लिटर-सव्वा लिटर आंबूस दही मंद आचेवर पाणी सुटेपर्यंत तापवा, उकळू देऊ नका, नाहीतर कण कडक होतात. मग कापडात दोन तास टांगा. साधारण पाव किलो छेना मिळतो. तो बटाट्यात मिसळून दोन कांदे तुपावर लालसर परतून घाला. मीठ घाला आणि मिरी सढळ हातानं.

पारीला ३०० ग्रॅम मैदा, अर्धा चमचा मीठ, चमचाभर तेल आणि साधारण १५० मिलिलिटर कडकडीत गरम पाणी लागतं. पाणी गरम घेतलं की पीठ मऊ होतं आणि लाटताना मागे सरकत नाही. मळून अर्धा तास झाकून ठेवा. दोन मिलिमीटर जाड लाटा, पेल्यानं गोल कापा आणि मध्ये एक चमचाच सारण ठेवा. करंजीसारखं दुमडा. कडेला सारणातल्या कांद्याचं तूप लागलं तर ती कडा चिकटतच नाही, हे नीट बघा. आतली हवा बोटानं बाहेर काढा, मगच दाबा.

मोठ्या पातेल्यात खारट पाणी उकळवा. एका वेळी दहा-बाराच सोडा आणि तळाला चिकटू नयेत म्हणून एकदा लाकडी चमच्यानं हलवा. वर तरंगले की आच थोडी कमी करा आणि दोन-तीन मिनिटांनी काढा. खदखदत ठेवले की फुटतात. वरून परतलेला कांदा घाला.

प्रश्न : मुलगी वॉर्सामध्ये शिकते. २४ डिसेंबरच्या रात्री मैत्रिणीच्या घरी जेवायला बोलावलं आहे. ती शाकाहारी आहे. तिनं काय लक्षात ठेवावं?
— इचलकरंजी

उत्तर : नाताळच्या आदल्या दिवसाची ही रात्र पोलंडमध्ये वर्षातली सगळ्यात महत्त्वाची. आकाशात पहिला तारा दिसल्यावर पानं वाढतात. टेबलक्लॉथखाली थोडं गवत असतं आणि एक ताट जास्तीचं मांडतात, अवचित आलेल्या पाहुण्यासाठी. ते रिकामंच राहतं, तिथे बसू नये.

जेवणाआधी प्रत्येकाच्या हातात पापडाहून पातळ वडी देतात. समोरच्याच्या वडीचा तुकडा मोडून घ्यायचा, आपली पुढे करायची आणि त्याच्यासाठी काय इच्छिता ते बोलायचं. सगळ्यांशी एकेक करून. आधी एखादं पोलिश वाक्य पाठ केलं तर उत्तम.

परंपरेनं बारा पदार्थ असतात, प्रत्येकाची चव घ्यायची. मटण-चिकन त्या रात्री नसतं. बीटचं सूप आणि त्यात अळिंबीच्या छोट्या पुड्या, कोबी-अळिंबीचे पिएरोगी, सुक्या फळांचं सरबत एवढं ती खाऊ शकेल. काही घरांत गहू, खसखस आणि मध यांची गोड खीर असते, ती तिला आपल्या गव्हाच्या खिरीच्या जवळची वाटेल.

अडचण माशाची आहे. कार्प आणि हेरिंग या पंगतीत असतातच, आणि पोलंडमध्ये मासा मांसात धरत नाहीत. ‘मी मांस खात नाही’ एवढंच सांगितलं तर यजमान प्रेमानं मासा वाढतील. ‘मासेही खात नाही’ हे तिनं आठवडाभर आधी कळवावं. बारा पदार्थांची तयारी कितीतरी दिवस आधी सुरू होते.