आकाश मातकट होतंय

प्रश्न : वर्षभर ॲक्रिलिकमध्ये काम केल्यावर तैलरंग शिकायला घेतले. सोपं वाटलं म्हणून जर्मन चित्रकार कास्पार डाव्हिड फ्रीडरिशच्या ‘मंक बाय द सी’ची (समुद्रकाठी एकटा उभा संन्यासी) कॉपी करते आहे. समोर जुन्या पुस्तकातलं छापील चित्र आहे. आकाश तीनदा रंगवलं, तीनदा मातकट झालं. समुद्र तर नुसती काळी पट्टी दिसतो. अशी नक्कल करून खरंच काही हाती लागतं का?

उत्तर : तीनदा रंगवलंत, पण मध्ये किती दिवस जाऊ दिलेत ते लिहिलं नाहीत. माझा अंदाज, फारसे नाहीत. ॲक्रिलिकचा थर काही मिनिटांत वाळतो. तैलरंगात खालचा ओला थर ब्रशबरोबर ओढला जातो आणि निळा, पिवळा, पांढरा असं सगळं एकमेकांत मळतं.

मी हेच चित्र शिकताना 30 × 47 सेंटिमीटरच्या कॅनव्हासवर केलं होतं (मूळ 110 × 171.5 आहे, त्याच प्रमाणात). पहिला थर रॉ अंबरचा, म्हणजे मातीसारख्या तपकिरी रंगाचा, टर्पेंटाइनमध्ये इतका पातळ की कापडाचं विणकाम दिसत राहावं. तो लवकर वाळतो. मग आकाशाचा फिका थर द्यायचा आणि चक्क आठवडाभर त्याला हात लावायचा नाही. बोट फिरवून चिकट लागलं, तर आणखी थांबायचं. त्यावर निळसर राखाडीचं ग्लेझिंग, म्हणजे खालचं दिसू देणारा पातळ थर, थोडं जवसाचं तेल घालून. तेल वरच्या थरात जास्त, खालच्यात कमी. मी उलट केलं होतं. काही महिन्यांत आकाशाला बारीक भेगा गेल्या. तो कॅनव्हास मी अजून जपून ठेवला आहे.

जुन्या पुस्तकावर रंगांसाठी विसंबू नका. मूळ चित्रावरचं व्हार्निश पिवळं पडलं होतं. ते स्वच्छ होऊन 2016 साली बर्लिनच्या आल्टे नॅशनलगॅलरीत पुन्हा लागलं, तेव्हा आकाश कितीतरी थंड आणि निळं दिसलं. त्यानंतरचा फोटो मिळवा. तुमच्या आकाशातला निम्मा मातकटपणा कदाचित त्या छापील पानातूनच आला असेल.

समुद्रासाठी काळा रंग पॅलेटवर काढूच नका. प्रशियन ब्लूमध्ये (गडद निळ्यात) रॉ अंबर मिसळा, पातळ लावा, खालचा उजेड थोडा झिरपू द्या. लाटांचे पांढरे ठिपके ती पट्टी पूर्ण वाळल्यावर, ब्रशच्या टोकाने, मोजके.

आणि हे चित्र सोपं अजिबात नाही. इन्फ्रारेडमध्ये पाहिलं तेव्हा खाली आखलेली जहाजं सापडली. फ्रीडरिशने ती आधी योजली होती, मग काढून टाकली. 1808 ते 1810 एवढा काळ तो या चित्रावर होता. तीन-चतुर्थांशाहून जास्त जागा आकाशाची, आणि उभी रेघ म्हणाल तर फक्त तो माणूस. कॉपी करताना हाताला हेच कळतं : इथे जहाज नाही म्हणून आकाशाला किती काम करावं लागतं. नुसतं बघून मला ते कधीच कळलं नव्हतं.

तेव्हा तो संन्यासी सगळ्यात शेवटी रंगवा. त्याआधी गडद कागदाचा, पेराहूनही लहान तुकडा कापा आणि वाळलेल्या किनाऱ्यावर इकडेतिकडे सरकवून बघा. अगदी मधोमध ठेवून बघा, मग डावीकडे न्या.