पाना-पक्कड : सेल मारण्याआधी

मागच्या अंकात 'दारात उभ्या असलेल्या जुन्या पिकअपबद्दल विचारा' असं मी सहज लिहून गेलो. आमच्या पोस्टमननं त्याचा चांगलाच सूड उगवला. सगळ्या पत्रांना उत्तर देणं जमायचं नाही. चार निवडली आहेत, त्यातलं पहिलं जरा लांबेल.

प्रश्न : नाना, नमस्कार. मी २७ वर्षांचा आहे, मला 'तू'च म्हणा. वडिलांची १९९३ ची टाटामोबाईल पिकअप शेडमध्ये सहा वर्षं उभी आहे. वडील तिच्यातून डाळिंब घेऊन मार्केटला जायचे. ते गेल्यापासून गाडीला कुणी हात लावला नाही. आता मी घरच्या घरी ती दुरुस्त करून पुन्हा चालती करायची ठरवलं आहे. नवी बॅटरी आणली आहे, रविवारी मित्र येणार आहेत, सेल मारून बघू म्हणतो. रंगाचं काम आधी करू की इंजिनचं?
ता. क. – फाळक्यावर वडिलांनी रंगवून घेतलेली अक्षरं आहेत. ती तशीच राहावीत असं आईचं म्हणणं आहे. रंग देताना काय करू?
– एक वाचक, फलटण तालुका

उत्तर : पहिलं काम म्हणजे ती बॅटरी उचल आणि घरात नेऊन ठेव. रविवारी मित्रांना खुशाल येऊ दे, पोहे खाऊ घाल, पण सेल मारायचा नाही, म्हणजे चावीनं स्टार्टर फिरवायचा नाही.

हे मी अक्कलखाती जमा करून शिकलोय. तिशीत होतो, हुशारी अंगात मावत नव्हती. एका ओळखीच्यांची गाडी चार वर्षं उभी होती. बॅटरी लावली, सेल मारला. 'टक्' झालं आणि गप्प. मी पुन्हा मारला. तिसऱ्यांदा इंजिन फिरलं तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या. हेड (इंजिनचं वरचं झाकण) उतरवल्यावर कळलं, पिस्टनची रिंग गंजून बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, धरली होती, ती तुटली आणि बोअरला वरपासून खालपर्यंत ओरखडा पाडून गेली. नखाला लागत होता. साध्या सर्व्हिसिंगवर भागलं असतं ते प्रकरण बोअर-पिस्टनपर्यंत गेलं, आणि तो खर्च मी माझ्या खिशातून भरला.

गाडी चालून जेवढी झिजते त्याहून उभी राहून जास्त खराब होते, हे गिऱ्हाइकाला पटवता पटवता माझी हयात गेली. तुझी गाडी दणकट आहे. टेल्कोनं, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सनं, ही पिकअप १९८८ मध्ये काढली आणि पुढं तिच्याच पायावर सिएरा ही गाडी उभी केली. (तेव्हा 'मोबाईल घेतला' म्हटलं की लोक दारात येऊन पिकअप बघून जायचे.) १९४८ सीसीचं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन, टर्बो नाही, कॉम्प्युटर नाही, थंडीत हीटर प्लग तापवून सुरू करायचं. म्हणूनच तुझ्यासारखा माणूस घरी तिच्यावर काम करू शकतो.

आता कामाकडे ये. आधी एअर फिल्टरचं झाकण उघड. सहा वर्षांत उंदरांनी तिथं संसार थाटला असणारच. चिंध्या, भुईमुगाची टरफलं, सीटचा फोम, सगळं निघेल. ते तसंच ठेवून इंजिन फिरवलंस तर सरळ आत ओढलं जाईल. तिथूनच वायरिंगवरून बोटं फिरवत जा. कुरतडलेली वायर डोळ्यांआधी बोटाला सापडते.

मग चारही नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे) काढ. दोन दिवस आधीपासून त्यांच्या बुडाशी गंज सोडवायचा स्प्रे मारत राहा, घाईनं पाना लावशील तर आटे जातील. नोझलखालचे तांब्याचे वॉशर परत वापरायचे नाहीत, नवे आण. नोझलच्या भोकातून प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन-तीन चमचे डिझेल आणि इंजिन ऑईल, निम्मं निम्मं, सोड. आणि चार दिवस विसरून जा. खरंच विसर.

पाचव्या दिवशी गाडी न्यूट्रलला आहे ना ते बघ आणि पुढच्या क्रँक पुलीच्या नटाला गोटी पाना लाव. दांडा लांब घे, पण जोर मनगटाचा, खांद्याचा नको. थोडं पुढं, थोडं मागं. पहिल्यांदा चिंचेची बरणी उघडावी तसं चिकट लागेल, मग सुटेल. एके जागी कडक अडलं तर थांब, पान्याला पाइप जोडून रेटू नकोस. व्हॉल्व्ह अडकलेला असू शकतो, तो वाकला की हेड उतरलंच म्हणून समज. इंजिन पूर्ण दोन फेरे फिरायला हवं. दोन फेऱ्यांत सगळे व्हॉल्व्ह एकदा उघडून मिटतात, एका फेऱ्यावर समाधान मानलंस तर निम्म्यांची तपासणी राहून जाते.

हे झालं की जुनं ऑईल काढ, फिल्टर बदल, नवं ऑईल भर. आता ती बॅटरी बाहेर आण. नोझल अजून बाहेरच आहेत, भोकांवर जुनं फडकं टाक, तोंड बाजूला कर आणि मग सेल मार, एका वेळी दहा सेकंदांच्या वर नाही. भोकांतून काळपट पिचकाऱ्या उडतील. डॅशबोर्डवरचा ऑईलचा दिवा विझेपर्यंत असं कर. दिवा विझला म्हणजे ऑईल वर चढलं.

डिझेलचं मात्र वेगळं. टाकीतलं जुनं डिझेल वापरायचा मोह धरू नकोस. तळाला पाणी साठतं, पाण्याच्या आणि डिझेलच्या मधे काळी बुरशी धरते आणि तीच फिल्टर चोंदवते. टाकी उतरव, धू, वाळव. भोक असेल तर टाकी वेल्डिंगवाल्याकडं परस्पर देऊ नकोस. रिकाम्या टाकीत वाफ राहते आणि ठिणगी पडली की टाकी फुटते. पंप आणि नोझल हे दोन्ही घरी खोलायचे नाहीत. पंपाच्या आतल्या भागांना डिझेलचंच वंगण असतं, त्या डिझेलात पाणी शिरलं की तो आतून गंजतो. पंप-नोझलवाल्याकडं मशीनवर टेस्ट करून आण. इथं पैसे वाचवायचे नसतात.

सगळं बसवल्यावर फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंपानं डिझेलच्या लाइनीतली एअर काढ. बुडबुडे थांबले की स्क्रू आवळ, मग नोझलचे पाइप नट अर्धा आटा सैल करून सेल मार. डिझेल ओघळलं की आवळ. त्या फवाऱ्याजवळ बोट न्यायचं नाही. तो दाब कातडीतून आत घुसतो, आणि मग दवाखाना. अजून एक, पहिल्यांदा सुरू करताना एअर फिल्टरच्या तोंडाएवढी फळी एका मित्राच्या हातात दे. इंजिन आपोआप रेस धरून पळत सुटलं आणि चावी बंद करूनही थांबेना, तर तोंडावर फळी दाबायची. हात किंवा फडकं नाही, ते आत ओढलं जातं.

गाडी सुरू झाल्याच्या आनंदात गेटबाहेर काढू नकोस. ब्रेक बघितलेस का? मागचे शू ड्रमला धरले असतील. ड्रमच्या कडेला हातोडीनं टकटक करत फिर, ॲडजस्टर मागं घे, मग ड्रम निघेल. व्हील सिलिंडरचं रबर ओढून बघ, आत गंजाचे खड्डे दिसले तर किट घालत बसू नकोस, सिलिंडरच नवा घे. रबरी होज बाहेरून ठणठणीत दिसतात आणि आतून सुजलेले असतात, सगळे बदल. ड्रममधली काळी धूळ हवा मारून उडवायची नाही, जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असायचं, ओल्या फडक्यानं पूस. आणि टायर. नक्षी शिल्लक आहे म्हणून खूश होऊ नकोस. बाजूला चार आकडे असतात. '२३१४' असेल तर तो टायर २०१४ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला.

रंग आधी की इंजिन हे आता वेगळं सांगायला नको. ताजा कलम शेवटाला घेतो.

प्रश्न : नमस्कार. माझी रोपवाटिका आहे. जुनी पिकअप घेतली, आणणाऱ्यानं 'पत्रा एकदम ओके' सांगितलं होतं. पावसाळा संपला आणि हौद्याच्या कडेला फुगे आले. पेंटर म्हणतो लांबी (पुट्टी) भरून रंग मारू. मी स्वतः थोडंफार काम करते, घाबरत नाही. काय करू?
– एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : ताई, पेंटरला चहा पाजा आणि परत पाठवा. फुगा आला म्हणजे आतला पत्रा गेला. त्यावर लांबी भरणं म्हणजे किडलेल्या दातावर टिकली लावणं. आणि तुमच्या गाडीवर आधीच एकदा लांबी भरलेली आहे. खात्री करायची असेल तर लोहचुंबक फडक्यात गुंडाळून पत्र्यावरून फिरवा, जिथं तो धरत नाही तिथं पत्रा नाही.

पण हौद्याचं नंतर बघू. तुम्ही आधी गाडीखाली जा. सपाट जागा, चाकांना उटी (अडकण), गाडी घोडीवर (लोखंडी स्टँडवर). नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली मी माझ्या पोरालाही जाऊ देत नाही. लहान हातोडी घेऊन चेसिसवर पुढून मागं ठोकत चला. चांगलं लोखंड 'खण्' बोलतं. 'थप्' आवाज आला की तिथं खडूनं खूण करा. मागच्या पाट्यांचे (स्प्रिंगांचे) हँगर जिथं चेसिसला बसतात त्या खोबणी मुद्दाम बघा. खारी हवा तुमच्याकडची, त्यात लाल माती तिथं जाऊन बसते आणि मेपर्यंत ओली राहते. हँगरपाशी 'थप्' आलं तर हौद्यावर रुपया घालू नका. चेसिसचं वेल्डिंग जाणत्या माणसाकडूनच, आणि वेल्डिंगच्या आधी बॅटरीच्या दोन्ही वायरी काढा, नाहीतर अल्टरनेटरचे डायोड जातील.

चेसिस चांगली निघाली तर हौद्याचा कुजलेला पत्रा कापून नवा लावा, आतून-बाहेरून रेडऑक्साइड मारा. आतून जास्त महत्त्वाचं, कारण गंज तिकडूनच येतो.

सुटे भाग, म्हणजे बिजागऱ्या, फाळक्याच्या कड्या, ब्रॅकेट, यांच्यासाठी आमच्या कोल्हापूरकडचा उपाय सांगतो. एक भाग काकवी, नऊ भाग पाणी, प्लास्टिकच्या बादलीत. त्यात भाग बुडवून दोन आठवडे ठेवा. काकवी गंज सोडवते आणि चांगल्या लोखंडाला फारसं काही करत नाही. बाहेर काढून ब्रशनं धुतलं की राखाडी, स्वच्छ लोखंड. लगेच वाळवून प्रायमर मारा, तासाभरात पुन्हा तांबूस होतं. ॲल्युमिनियमचा तुकडा त्यात टाकू नका, तो खाल्ला जातो. वास मात्र असा सुटतो की आमच्या मंडळींनी बादलीला अंगणाच्या पलीकडची जागा दिली. मुंग्या, गांधीलमाशा येतात. झाकण ठेवा, पण घट्ट नको.

प्रश्न : माझ्या पिकअपचे ऑईल सील, बेअरिंग, पाट्याचे बुश कंपनीत मिळत नाहीत म्हणतात. आता?
– एक वाचक, पुणे

उत्तर : गाडीचं नाव सांगून मागू नका, नंबर सांगून मागा. बेअरिंग पुसा, कडेवर नंबर कोरलेला असतो. ६२०५ म्हणजे आतला व्यास २५ मिमी, बाहेरचा ५२, जाडी १५. जगात कुठंही, कुठल्याही कंपनीचं तेच. ते पिकअपचं की पंपाचं हे बेअरिंगला ठाऊक नसतं. ऑईल सीलवर तीन आकडे असतात, आत, बाहेर, जाडी. पुसट झाले असतील तर व्हर्निअर लावा. बुश लेथवर करून मिळतात. आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात तुटका तुकडा घेऊन गेलात तरी संध्याकाळपर्यंत जोडी हातात येते, पुण्यात भोसरीला विचारा. बाकी दरवाजाची हँडलं, काचेची यंत्रं यांच्यासाठी तुमच्याकडचा जुना बाजार आहेच, बुधवारी आणि रविवारी. जुना भाग खिशात घेऊन जा. 'साधारण असाच होता' म्हणून आणलेलं कधी बसत नाही.

प्रश्न : माझी १९९० ची पिकअप आहे. 'व्हिंटेज' म्हणून नोंदवली तर पासिंगची कटकट वाचेल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. २०२१ च्या केंद्रीय नियमानुसार व्हिंटेज म्हणजे पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली गाडी. तुमचा नंबर २०४० ला लागेल. आणि व्हिंटेज गाडी धंद्याला किंवा रोजच्या वापराला चालत नाही, कांदा भरून निघालात तर अडवतील. खर्चात पडण्याआधी आरसी बुक, थकलेला कर, पर्यावरण कर बघून घ्या. इंजिन दुसऱ्या जातीचं बसवायचं असेल तर आधी आरटीओची परवानगी, मग पाना.

आता फलटणच्या ताज्या कलमाचं.

बाळा, आईला आधी विचार, अक्षरं 'तशीच' म्हणजे तीच हवीत की तशी हवीत. फाळक्याचा पत्रा चांगला असेल तर तेवढा फाळका न घासता ठेव. साबणाच्या पाण्यानं धू, वाळव, वरून क्लिअर लॅकर मारायचा असेल तर आधी कोपऱ्यात एका अक्षराच्या शेपटीवर मारून बघ, जुना रंग सुरकुततो का ते. बाकी गाडी नवी आणि फाळका जुना दिसेल, दिसू दे.

पत्रा गेलेला असेल तर कापण्याआधी बटर पेपर चिकटवून पेन्सिलीनं अक्षरं उतरवून घे, काना-मात्रेसकट. शुद्धलेखन सुधारायचं नाही. प्रत्येक रंगाच्या शेजारी शेडकार्डचा नंबर लिहून ठेव. नुसत्या फोटोवर जाऊ नकोस, फोटोत माप येत नाही आणि पेंटर आपल्या वळणानं लिहून मोकळा होतो. फाळक्याच्या आतल्या बाजूला, कडीजवळ, जुने पेंटर स्वतःचं नाव आणि गाव बारीक अक्षरात टाकायचे. टॉर्च लावून तिथं उजेड मारून बघ. माणूस हयात असेल तर काम त्यालाच दे, आणि तो म्हणेल ती तारीख धरून चाल. पेंटर वेळेवर येत नसतात.